सुई पूर्ण सापडली

हॅलो? … हॅलो, ताई? … हो, मीच. बोल. … अगं हळू बोलतेय कारण जिन्यात उभी आहे, खोक्यांच्या मागे. आत फोन चालत नाही ना. … नाही, नाही, तू बोल. जेवणाची सुट्टी आहे, वीस मिनिटं आहेत अजून.

आधी मला सांग, काही खाल्लंस का? … चहा म्हणजे खाणं नव्हे, ताई. … दोन दिवस नुसता चहावर चहा. तू आडवी झालीस तर पोरीकडे कोण बघणार? … बरं, बरं, नाही बोलत. पण खालच्या दुकानातून दोन केळी आण आणि खा. मला कळेल हां, नाही खाल्लीस तर. … ठकी काय करतेय? … झोपलीय? पाठीवरच ना? … हां, तशीच राहू दे. पालथी होऊ देऊ नकोस.

काय घेतलंस? … टी-शर्ट? आत्ता कशाला? … अगं ऐक ना, डोक्यातून घालायचं काही नको सध्या. काढताना डोळ्याच्या पट्टीला लागलं म्हणजे? माझा तो निळा शर्ट आहे ना तुझ्याकडे, पुढून बटणांचा? तो घाल तिला. … मऊ आहे म्हणून घेतलास? ताई, दुकानात सगळंच मऊ असतं. मऊ होण्याचं औषध मारलेलं असतं त्यावर, दोन धुण्यांत उतरतं. उलटा करून बघ बरं. खांद्यावर आतून पट्टी लावलीय का? … एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत, बारीक पट्टी. … नाही ना? मग झालं. आठवड्यात गळा लोंबायला लागेल. फसवलं तुला. … हो गं, कळतंय मला, कुठला विषय काढून बसले. तोंड नुसतं चालू राहतं माझं. तू सांग. सकाळी डॉक्टर येऊन गेले का?

… हं. … मोठे डॉक्टर? … हं.

… अजिबात नाही? … उजेडसुद्धा नाही?

… ताई. … ताई, रडू नकोस. … नाही, रड. रड बाई, कोणी बघत नाही. … मी आहे इथे. … आहे गं, फोन धरून आहे.

… हो. … आत पू झाला. … हो ना, लोखंड ते, चार दिवस आत राहिलं. … काय म्हणाले? परत सांग. … त्याच दिवशी आणलं असतं तर वाचला असता. … असं स्पष्ट म्हणाले? 'कदाचित' वगैरे काही नाही म्हणाले? … नाही. … बरं.

… ऐकतेय ना. … ठकीला सांगितलंस? … डोळा गेला हे माहीत आहे तिला, पण वाचला असता हे नाही. … हं. … हो, लहान नाही ती आता, बावीस वर्षांची आहे. पण आपल्याला ती लहानच. … माहीत आहे. तूच माझ्या हवाली केली होतीस, ताई. 'तुझ्या डोळ्यांसमोर राहील' म्हणाली होतीस. विसरले नाही मी.

कोण आलं होतं? … कंपनीचा माणूस? कधी? … फळं घेऊन आला? बघा, फळं! एवढे दिवस फोन नाही आणि आता संत्री. … काय म्हणत होता? … कसला फोटो? … मोबाइलवर दाखवला. … हो, ते सुयांचं रजिस्टर. … सांगते, सांगते, एका वेळी एक विचार.

हे बघ. मशीनवर सुई मोडली की मशीन बंद करायचं आणि हात वर करायचा. मग त्या मोडक्या सुईचे सगळे तुकडे शोधायचे. मांडीवर, कापडात, फरशीवर, मशीनच्या पोटात. ते रजिस्टरच्या पानावर एकापुढे एक मांडायचे, वरून चिकटपट्टी लावायची. सुई अख्खी जुळली की सही, आणि मग नवी सुई मिळणार. … नाही जुळली तर अख्खी लाइन बंद. आजूबाजूचे सगळे पीस बाजूला काढतात, एकेकावरून लोहचुंबक फिरवतात, बायका खाली बसून फरशी हातानं चाचपतात. तास जावो नाहीतर दोन तास जावोत. … अगं लहान मुलांचे टी-शर्ट ना ते! बदकवाले. एखाद्या तान्ह्या बाळाच्या पाठीत टोक घुसलं तर? एवढ्यासाठी माल घेणारे लोक जीव खातात आमचा. … हो, बाळासाठी. … शिवणारीसाठी नाही गं. शिवणारीसाठी कुठलं रजिस्टर नाही.

… वाचून दाखवलं त्यानं? … 'मंगळवार, सात नंबर लाइन, गळ्याचं मशीन. सुई पूर्ण सापडली.' … हो. ठकीचंच मशीन ते.

… म्हणजे काय? … म्हणजे सुईचे सगळे तुकडे कंपनीकडे आहेत, तर डोळ्यातून निघालेला तुकडा कंपनीचा नव्हेच, असं म्हणतोय तो? … घरी शिवते का, असं विचारलं? वा! घरी कशावर शिवणार ती, पोळपाटावर? … पोरगी दहा-दहा तास आमच्याकडे बसते आणि सुई म्हणे बाहेर कुठेतरी लागली. उचलली जीभ लावली टाळ्याला!

ताई, थांब. डॉक्टरांनी काढलेला तो तुकडा कुठे आहे? … बाटलीत? तुझ्याकडे आहे ना? … त्यानं मागितली? तू दिलीस? … नाही दिलीस ना? … शाबास. देऊ नकोस. कोणी कितीही गोड बोललं तरी देऊ नकोस. पर्समध्ये नको, अंगावर ठेव. रुमालात बांध. … का ते सांगते नंतर. आधी बाटली कुठे आहे ते बघ. … आहे? … बरं.

… हो, मलाही बोलावलंय. आज तीनला, साहेबांच्या खोलीत. … काही नाही गं, लिहून द्यायचंय. त्या दिवशी सुई मोडली, तुकडे सापडले, असं. … मीच, कारण मी त्या लाइनची चेकर आहे. … बघते ना काय लिहायचं ते.

… काय विचारतेस? … सही? … फोटोत नुसती वेलांटी दिसत असेल, हो. … अगं, त्या रजिस्टरवर कोणकोण सह्या करतं. … हो, मी तिथेच असते. … हो, माझ्या डोळ्यांतून एक वाकडा टाका सुटत नाही, खरंय. घार म्हणतात मला. … म्हणून काय, मला सगळं माहीत असतं का? … मी कुठे चिडले? नाही चिडले. … ताई, अगं—

एक मिनिट हां. … काय गं? … दिसत नाही का फोनवर आहे ते? खणाची किल्ली माझ्या डब्याखाली आहे, घे जा. … आणि तो खण आवरू नकोस. मी आवरीन! … हं, ताई, बोल. ओव्हरलॉक मशीनवरची होती. सगळ्यांना सगळं आत्ताच पाहिजे असतं.

… बोल ना. … हो, खोटं आहे ते. टोक तिच्या डोळ्यात होतं, म्हणजे रजिस्टरातलं टोक दुसऱ्याच सुईचं. बरोबर ओळखलंस. … कोणीतरी चिकटवलं असणार. … कोण ते… ताई, शोधून काय करणार आहेस? … नाही, नाही, पाठीशी नाही घालत मी कोणाला. … अगं असं नको बोलू. … हात झडोत वगैरे नको म्हणू गं. … तिचीही मुलंबाळं असतील. … बाईच असेल असं… मी आपलं म्हटलं. … ताई, पुरे! … ताई, नको देऊ शिव्या. हात जोडते.

… कारण मला लागतायत.

… मला. … हो. … सही माझी आहे.

… नाही, नुसती सही नाही. ते टोकही मीच चिकटवलं.

… हॅलो? … ताई? … आहेस ना? … ऐक. सगळं ऐकून घे, मग काय म्हणायचं ते म्हण. मला मध्ये थांबवलंस तर परत नाही बोलता येणार.

आम्हा सगळ्या चेकर बायकांच्या खणात एक काड्यापेटी असते. मोडक्या सुयांची टोकं असतात तिच्यात. नियमानं ती जमा करायची, पण करत नाही कोणी. अडीअडचणीला ठेवतो. कोणाचं टोक सापडेनासं झालं की त्यातलं एक काढायचं, चिकटवायचं, सुई पूर्ण. … सगळ्या लाइनींत चालतं हे. मला काम शिकवणाऱ्या बाईनंच मला माझी पहिली काड्यापेटी दिली. 'ही सांभाळ, वेळेला उपयोगी पडेल' म्हणाली होती. … नाही गं, बाळांना नाही टोचत. पॅकिंगला लोखंड पकडणारं मशीन आहे, एकेक पीस त्याच्या खालून जातो. टोक असलं की शिटी वाजते. म्हणून तर मनाला कधी लागलं नाही. बाळाला काही होणार नाही ना, एवढं मी बघितलं होतं, ताई. बाळाचा विचार केला. आपल्या पोरीचा नाही आला मनात.

… हो. सांगते. … मंगळवारी सुई मोडली, ठकीनं हात वर केला. दोन तुकडे मिळाले, टोक मिळेना. महिन्यातली तिसरी सुई होती तिची. तिसरी म्हणजे फळ्यावर नाव आणि मशीन काढून घेतात. धागे कापायच्या टेबलावर बसवतात, परत पहिल्यापासून. गळा शिवायला शिकायला तिला आठ महिने लागले होते, तुला माहीत आहे. तिचा चेहरा एवढासा झाला. 'मावशी, माझं मशीन जाणार' म्हणाली. मला बघवलं नाही. मी गेले, खणातनं एक टोक आणलं, चिकटवलं.

… नाही, तिला माहीत नाही. … तिला मी म्हटलं, मिळालं गं टोक, कापडाच्या घडीत होतं. बस कामाला.

… हो. … हो, ताई. मिळालं म्हटलं मी. म्हणून तिनं डोळ्याचा विचारच सोडला. तेव्हाच खुपत होतं तिला. मी म्हटलं, कापसाचा तंतू गेला असेल, दिवसाला दहा जातात. रुमालाचा बोळा केला, तोंडाची वाफ दिली, डोळ्याला लावला. … हो, दाबून लावला.

… माहीत आहे मला. … रोज रात्री तेच दिसतं. … दुसऱ्या दिवशी कंपनीतल्या नर्सबाईनं विचारलं होतं तिला, काही मोडलं-बिडलं होतं का म्हणून. ही म्हणाली, सुई मोडली होती पण पूर्ण सापडली. झालं. थेंब दिले आणि परत मशीनवर पाठवलं.

… नाही, थांब, अजून एक आहे. सगळं तुझ्या पोरीसाठी केलं असं तुला वाटायला नको. मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं. पण ते खरं नाही. … म्हणजे, तेवढंच खरं नाही. माझी लाइन चार महिने पहिली येत होती. दारात फोटो लागलाय आमचा. लाइन थांबली असती तर ते गेलं असतं. ते पण आलं होतं मनात. आधी कुठलं आलं ते मला आता आठवत नाही, ताई. खूप आठवून बघितलं.

… आणि ती काच. प्रत्येक मशीनला सुईपुढे एक छोटी काच असते, प्लॅस्टिकची. मोडलेली सुई उडाली तर तिच्यावर आपटते. … हो ना, असायला पाहिजे. पण दोरा ओवताना ती आडवी येते, वेळ जातो, म्हणून काढून ठेवलेल्या असतात सगळ्या. कपाटात. तपासणीचे पाहुणे येणार म्हटलं की आदल्या दिवशी वाटायच्या आणि पाहुणे गेले की गोळा करायच्या. … मी. मीच वाटायचे. मीच गोळा करायचे. पुसून ठेवायचे वर.

… नाही, त्यांनीच सांगितलं तसं, वरच्यांनी. पण हात माझे ना.

… बोल काहीतरी. … ताई, शिव्या दे, पण बोल. … आपलेच दात आणि आपलेच ओठ, खरंय तुझं. … कधी सांगणार होते? … शनिवारी तुझा फोन आला ना, की एक्स-रेच्या फोटोत लोखंड दिसलं, तेव्हा मला कळलं ते कुठलं टोक. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. नाही सांगता आलं. ऑपरेशन होऊ दे म्हटलं. मग डोळा वाचू दे, मग सांगू म्हटलं. … वाचला असता तर सांगितलंच असतं असंही नाही. खरं बोलतेय मी तुझ्याशी.

… तीन वाजता? … नाही. 'पूर्ण सापडली' असं नाही लिहून देणार. … जे झालं ते. टोक दुसरं आहे, मी लावलं. काचांचंही सांगणार, त्यांना आवडो न आवडो. … मानतील ना! मानावंच लागेल. गळ्याच्या मशीनला जाड सुई लागते, आणि मी घाईत चिकटवलं ते टोक बारीक सुईचं. रजिस्टर उघडून कोणी नीट बघितलं की दिसतं. कोणी बघितलंच नाही, सगळ्यांनी नुसतं वाचलं. आणि खरं टोक त्या तुझ्या बाटलीत आहे, ते ठेवलं की जुळतं. म्हणून म्हटलं, सोडू नकोस ती.

… हो, जाईल. काढतीलच मला. काय करणार मग. … अगं, माझं घर माझं मी बघीन. … नाही, पोलीसबिलीस काय ते मला माहीत नाही. येऊ देत. … ताई, तू आत्ता माझी काळजी करू नकोस. मला ती सहन नाही होत. … हो. … हो, तुझ्या जागी मी असते तर मीही फोन आपटला असता. तू धरलायस अजून. …

… काय? … ठकीला नको सांगू? … कंपनीला सांग पण तिला नको? … अगं, अर्ध्या तासात अख्ख्या कारखान्याला कळेल. कोणीतरी फोन करेलच तिला. … टोकाचं सांगेन. पण डॉक्टर जे म्हणाले ते नको सांगू, असं का? … वाचणारच नव्हता असं वाटू दे तिला. … हं. … नशीब म्हणून सोडून देईल. … कळतंय मला, ताई. आई आहेस तू. … बरं. … बरं म्हटलं ना.

… उठली का? … कोण आहे विचारतेय? … सांग, मावशी आहे. … आत्ता? … नको, मी संध्याकाळी येतेच आहे— … ताई, नको, आत्ता नको, अगं—

हॅलो? … काय गं राणीसरकार, उठलात? … झोप झाली का? … दुखतंय? … ठणका आहे अजून. … गोळी कधी आहे? चारला? बरं. … आई रडतेय? … नाही, मी नाही रडवलं. … म्हणजे, हो. मीच.

… काय? … माफी कसली मागतेस, येडे? … लाइन मागे पडली म्हणून? … अगं जळो ती लाइन. … नाही, बदकवाला माल गेला सगळा. वेळेवर गेला. … हो, सगळ्या विचारतात तुला. … तुझ्या मशीनवर? … कोणाला नाही बसवलंय अजून. … ठके, ते मशीनचं राहू दे आता.

… हो, हो… विचार ना. … टोक? … हो, मंगळवारचं.

… हो, मीच म्हटलं होतं मिळालं म्हणून. … घडीत होतं म्हटलं, हो. … मग हे कुठून आलं, हे विचारतेयस. … रात्रभर तोच विचार करत होतीस? … नाही गं बाळा, तुझं काही चुकलं नाही. तू त्या दिवशी आणखी कुठली सुई नव्हतीस मोडली. तू विसरली नाहीस काही. … नाही, डोकं ठीक आहे तुझं. … ऐक, ऐक ना. तू रडू नकोस, डोळ्यावर ताण येईल. आई जवळ आहे ना? … तिचा हात धर.

ठके, टोक मिळालंच नव्हतं.

… नव्हतं मिळालं. मी दुसरं लावलं. काड्यापेटीतलं. … तुझं मशीन जाऊ नये म्हणून. आणि माझ्या लाइनचं नाव जाऊ नये म्हणून. … हो. तुला खोटं सांगितलं मी. … तुझ्या डोळ्यात होतं ते, तेव्हापासूनच. मी रुमाल लावला ना, तेव्हाही.

… हॅलो? … आहेस ना? … ऐकू येतोय तुझा श्वास. … हो, आईला सांगितलं आत्ताच. म्हणूनच ती… हो. तिला काही बोलू नकोस, तिला माहीत नव्हतं. … आज तीनला साहेबांनाही सांगणार आहे. तुझ्या उपचारांचं त्यांना करावंच लागेल सगळं. … नको त्यांचं काही? … असं नको म्हणूस, ते तुझं आहे, हक्काचं.

… विचार. … काय ते विचार.

… 'मिळालं नाही' असं त्या दिवशी म्हटलं असतंस तर?

… तर लाइन थांबवली असती. सगळं शोधलं असतं. कुठेच मिळालं नसतं. मग कोणीतरी तुझ्याकडे बघितलंच असतं, तू डोळा चोळत होतीस. … हो, त्याच दिवशी दवाखान्यात नेलं असतं.

… ठके. …

… आई काय म्हणतेय मागून? … मला ऐकू येतंय ती काय म्हणतेय. … तिचंही बरोबर आहे. पण मी तुला एकदा खोटं सांगितलं गं.

… हो. … वाचला असता. … डॉक्टर तसंच म्हणाले सकाळी. … नाही, कदाचित नाही. वाचला असता.

…

… हो, ऐकतेय. … संध्याकाळी? … नको येऊ? … बरं. … नाही येत. … उद्याही नको. … बरं, बाळा. तू म्हणशील तेव्हा… नाही म्हणालीस तरी… हॅलो? … ठके?

… हॅलो?